ओझरहून किती किलोमीटर हे नको, घरातून किती तास ते बघा

नाशिकच्या विमानतळावरून, म्हणजे ओझरहून, नवीन विमानसेवेची मागणी निघाली की कुणीतरी नेटवरचा आकडा टाकतंच: ‘ओझर ते अहमदाबाद फक्त २६ मिनिटं!’ हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्यावर मागण्या रेटून आपण नाशिककर स्वतःचंच नुकसान करतोय.

ओझर-अहमदाबाद हवाई अंतर साधारण ३५० किमी. त्याला जेटच्या ताशी ८०० किमी वेगाने भागलं की २६ मिनिटं येतात. पण तिकिटावरची वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंत. उतरताना हजार फुटांमागे तीन सागरी मैल लागतात, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. ३५ हजार फुटांवरून उतरायचं तर १९० किमी आधीपासून सुरुवात करावी लागते, चढायलाही भरपूर अंतर जातं. म्हणून एवढ्या छोट्या पल्ल्यात जेट तितकं उंच जातच नाही आणि पूर्ण वेग जेमतेम काही मिनिटं मिळतो. त्यात ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम. पूर्वेकडे उड्डाण झालं तर अहमदाबादसाठी वळसा आलाच.

घरी करता येईल असा अंदाज: ए-३२० (जेट) असेल तर अंतराला ८०० ने भागा आणि ३५ मिनिटं मिळवा, एटीआर (पंख्याचं छोटं विमान) असेल तर ५०० ने भागून २५ मिळवा. अहमदाबादला दोन्ही विमानं तासाभराच्या आसपास येतात. जेटचा फायदा जवळपास शून्य! विमानतळावर गर्दी असेल तर वेळ आणखी वाढते, म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी सवड ठेवतात.

आता पुणे. ओझरहून लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, जवळजवळ सरळ दक्षिणेला, १७० किमी. विमान पाऊण तासात पोचेल, मान्य. पण नाशिकच्या कॉलेज रोडहून निघून द्वारका चौकातली कोंडी पार करत ओझर गाठायला पाऊण-एक तास, चेक-इनसाठी दीड तास आधी पोचणं आणि लोहगावहून शिवाजीनगरला आणखी तासभर. चार तास झालेच. गाडीने साडेचार-पाच लागतात. या मार्गाला विमान नको, रेल्वे हवी. तीच मागणी लावून धरा.

नागपूरची गोष्ट वेगळी. हवाई अंतर ५४५ किमीच्या आसपास. वरच्या अंदाजाने जेटला सव्वा तास, एटीआरला दीड. थंडीत वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, त्यामुळे जाताना काही मिनिटं वाचतात आणि येताना तेवढीच जास्त जातात. दोन्हीकडचा शहरातला प्रवास आणि चेक-इन धरून साडेचार तास. समृद्धी महामार्गावरून गाडीने सात-आठ लागतात. इथे खरे तीन तास वाचतात.

पण दुपारी एकच फेरी ठेवली तर मुक्काम करावाच लागेल, आणि वाचलेले तीन तास हॉटेलच्या बिलात जातील. मागणीपत्रात ‘नागपूर विमानसेवा’ एवढंच लिहू नका. सकाळी साडेसातच्या आत ओझरहून सुटणारं आणि संध्याकाळी सातनंतर नागपूरहून परतणारं विमान, असं वेळेसकट लिहा.