‘पुण्यात कुत्र्यांची नसबंदी सक्तीची’ : फॉरवर्ड खरा किती?

सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मजकूर दर काही महिन्यांनी नव्यानं उगवतो. पुणे महापालिकेनं म्हणे नवा कायदा केलाय: नसबंदी न केलेल्या कुत्र्याला परवाना नाही, दहा हजार दंड, वर कुत्रा जप्त. पिटबुलसारख्या 23 जातींवर बंदी. सोसायटीनं ठराव केला की कुत्रा घराबाहेर. आणि तळाशी प्रेमळ सल्ला: ऑपरेशन शक्यतो टाळा, कुत्रा मंद होतो, राखण सोडतो, कुत्रीला निदान एकदा तरी पिल्लं होऊ द्या. आधी कायद्याची भीती घालायची आणि शेवटी तोच मोडायला सांगायचं, हे फॉरवर्डलाच जमतं.

आधी दंडाचं बघू. 2022 च्या अखेरीस नोएडा प्राधिकरणानं पाळीव कुत्र्यांची नोंदणी, लस आणि नसबंदी सक्तीची केली आणि कुत्र्यामुळे कुणाला इजा झाली तर मालकाला दहा हजारांचा दंड ठेवला. कुणीतरी तो मजकूर उचलला, गावाचं नाव बदललं, आकडा तसाच राहू दिला. पुण्यात परवाना महापालिकेचा पशुवैद्यकीय विभाग देतो. त्यासाठी रेबीजची लस दिल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि परवान्याचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. 2022 पासून मांजरांनाही नोंदणी लागते, हे मांजरवाल्यांना सहसा माहीत नसतं. वाकड-पिंपळे सौदागरकरांनी पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे जायचं. व्हॉट्सअ‍ॅपला सगळं पुणेच वाटतं.

मग नसबंदीचा कायद्यात उल्लेखच नाही का? आहे. केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 मध्ये पाळीव प्राण्याचं जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे. पण त्या नियमांचा मोठा भाग रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल आहे: पकडायचं, ऑपरेशन करायचं, लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं हा भाग घरातल्या लॅब्राडॉरला लावलाय.

23 जातींची गोष्ट निराळी, कारण तिला मूळ आहे. 12 मार्च 2024 ला केंद्रानं राज्यांना तसं परिपत्रक धाडलं होतं, आणि आधीच घरात असलेल्या त्या जातींच्या कुत्र्यांची नसबंदी करा असंही त्यात होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. फॉरवर्ड मार्चमध्येच अडकून पडलाय.

सोसायटीच्या ठरावाबद्दल थोडक्यात: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानं ठराव करूनही पाळीव प्राणी ठेवायला बंदी घालता येत नाही. लिफ्टमध्ये किंवा पार्किंगमध्ये कुत्र्यानं केलेली घाण उचलायची मात्र मालकानंच, आणि त्यात कुचराई करणारे आपल्याकडे कमी नाहीत.

माझा खरा राग आहे तो तळाच्या सल्ल्यावर. एकदा पिल्लं झाली की कुत्रीची तब्येत सुधारते, याला वैद्यकीय आधार नाही. उलट, ऑपरेशन न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका वयाबरोबर वाढत जातो. स्वीडनमधल्या विमा नोंदींनुसार दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चारातल्या एकीला हे होतं. माज संपल्यावर काही आठवड्यांनी कुत्री भसाभसा पाणी पिऊ लागते, जेवण सोडते. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्राव दिसतही नाही. मग घाईत करावं लागणारं ऑपरेशन साध्या नसबंदीपेक्षा कितीतरी जोखमीचं.

शिवाय ती पिल्लं. 63 दिवसांच्या आसपास गाभण राहून कुत्री सहा-आठ पिल्लं देते. विकायची म्हटलं तर 2017 चे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आडवे येतात: ब्रीडर म्हणून नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. टाकून दिली तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे अमृततुल्यमध्ये चौघांच्या चहाएवढा. वाढवायचाच असेल तर तो दंड वाढवा.

राखणीचं म्हणाल, तर दाराची बेल वाजली की भुंकणं वृषणांतून येत नाही. नसबंदीनंतर नराचं भटकणं आणि जागोजागी मुतून खूण करणं बहुधा कमी होतं. भित्रेपणातून चावणारा कुत्रा मात्र ऑपरेशननं सुधारेल असं समजू नका. ‘मंद’ होण्याचं म्हणाल, तर नंतर ऊर्जेची गरज घटते आणि आपण वाटी तेवढीच भरतो, म्हणून त्याचं अंग सुटतं.

ऑपरेशनच्या बाजूनं बोलणारेही काही गोष्टी गाळतात. काही कुत्र्यांना, विशेषतः मोठ्या जातीच्या माद्यांना, पुढे लघवीवर ताबा राहत नाही. आणि 2013 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हरांवर केलेल्या अभ्यासात, वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये सांध्यांचे विकार जास्त दिसले. म्हणून ‘सहा महिने झाले, उरका’ हे सगळ्यांनाच लागू होत नाही. इंडी (म्हणजे आपला देशी कुत्रा) आणि गोल्डन यांची वेळ वेगळी असू शकते. डॉक्टरांकडे जाताना कुत्रीच्या शेवटच्या माजाची तारीख लिहून न्या, आजचं वजन न्या, आणि भूल देण्याआधी रक्ततपासणी करणार का, हे विचारा.