सहानंतरची कर्बोदकं आणि तीन किलोंचा हिशेब

"सायंकाळी सहानंतर कर्बोदकं घेऊ नका, झोपेत त्यांची चरबी होते. ती बंद करा, आठवड्यात तीन किलो चरबी वितळेल. सगळा खेळ इन्सुलिनचा, कॅलरी मोजणं फिजूल." शेवटी पुरवणी: व्यायामानंतर अर्ध्या तासात कर्बोदकं पोटात गेली नाहीत तर मेहनत वाया. हा मजकूर इतका फिरतोय की एकदा नीट सोलून बघू.

आधी ते तीन किलो, कारण तिथे नुसता गुणाकार पुरतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तीन किलोंच्या झाल्या २३,१००, म्हणजे रोजची तूट ३,३०० कॅलरींची. सर्वसाधारण माणसाचा दिवसाचा अख्खा खर्चच २,००० ते २,५०० च्या घरात असतो. सात दिवस कडकडीत उपास केला तरी हा हिशेब जुळत नाही.

पण काटा तर खरंच खाली येतो! येतो, आणि त्यातला मोठा वाटा पाण्याचा असतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठलेलं असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे जवळपास ३ ग्रॅम पाणी. कर्बोदकं तोडली की हा साठा उतरतो, पाणी लघवीवाटे जातं आणि दीड-दोन किलो पाहता पाहता कमी होतात. पुन्हा पोटभर खाल्लं की तेच पाणी परत येतं आणि माणूस उगाच स्वतःला अपराधी समजतो.

आता झोपेतल्या चरबीचं. झोपेत शरीराला कुलूप लागत नाही. मेंदूला रात्रभर ग्लुकोज लागतं, ते यकृत पुरवतं. कर्बोदकांपासून चरबी बनवणं शरीराला जमतं, पण सलग काही दिवस प्रमाणाबाहेर खाल्ल्याशिवाय ते त्या वाटेला फारसं जात नाही. एकूण खाणंच खर्चापेक्षा जास्त असेल तर शरीर आधी कर्बोदकं जाळतं आणि जेवणातली चरबी साठवतं. ते सकाळीही होतं. २०११ मध्ये इस्रायलमधल्या ७८ लठ्ठ पोलिसांवरचा सहा महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांची बहुतेक कर्बोदकं रात्रीच्या जेवणात होती, त्यांचं वजन उलट थोडं जास्तच उतरलं. एवढ्याशा प्रयोगावरून रात्री कर्बोदकं खाऊन बारीक व्हा, असं मी म्हणणार नाही. पण सहाच्या ठोक्याला तो आधार देत नाही, हे नक्की.

इन्सुलिनचं म्हणणं अर्धं खरं आहे. कर्बोदकं खाल्ली की हे संप्रेरक वाढतं आणि ते वाढलं की चरबी मोकळी होणं मंदावतं, पण काही तासांपुरतंच. २०१५ मध्ये अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी १९ लठ्ठ व्यक्तींना संशोधन कक्षात ठेवून कॅलरी ३० टक्के कमी केल्या. एकदा फक्त कर्बोदकांतून, एकदा फक्त चरबीतून. कर्बोदकं कापल्यावर इन्सुलिन घटलं, तरी अंगातली चरबी गेली रोज ५३ ग्रॅम. जेवणातली चरबी कापली तेव्हा ८९. सहा-सहा दिवसच होते, हे मान्य. म्हणून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ चा प्रयोग बघा: ६०९ माणसं, पूर्ण वर्ष. कमी कर्बोदकांच्या गटात सरासरी ६ किलो उतरले, कमी चरबीच्या गटात ५.३, फरक दखल घेण्याजोगा नव्हता. कर्बोदकं कमी करून ज्याची भूक आवरते, त्याने ती खुशाल कमी करावीत.

अर्ध्या तासाची घाई त्यालाच, ज्याला त्याच दिवशी पुन्हा कस लावायचाय. बाकीच्यांचं ग्लायकोजेन पुरेसं खाल्लं तर दुसऱ्या दिवसापर्यंत भरतंच.

वेळेला काहीच अर्थ नाही, असंही नाही. संध्याकाळी शरीर साखर सकाळइतकी नीट हाताळत नाही. २०२२ च्या एका छोट्या प्रयोगात सगळी जेवणं सुमारे चार तास पुढे ढकलली, तेव्हा भूक वाढली आणि जागेपणीचा ऊर्जाखर्च थोडा घटला. पण ही गोष्ट उशिरा जेवण्याची आहे, एकट्या कर्बोदकांची नव्हे.

आणि त्या मजकुरात नसलेली एक गोष्ट: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशांनी आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी.