१४९५ च्या सुधारणेला ‘फेल’ म्हणणं मला पटत नाही

युरोपचा इतिहास म्हटला की आपल्याकडे फ्रेंच क्रांती आणि हिटलर यांच्यावर पोस्टींचा पाऊस पडतो, पण १४९५ साली ऱ्हाइनकाठच्या वर्म्स शहरात काय ठरलं यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. आणि लिहिल्याच तर एवढंच, की होली रोमन एम्पायर, म्हणजे मुख्यतः जर्मन मुलखांचं जुनं साम्राज्य, सुधारायचा एक प्रयत्न झाला आणि तो फसला. हे अर्धवट आहे आणि मला त्याचा राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी परिस्थिती बघा. साम्राज्य नावाला एक, आत शेकडो संस्थानं, बिशपांचे मुलूख, स्वतंत्र शहरं आणि आपापल्या गढीत बसलेले छोटे सरदार. सम्राट कोण हे सात इलेक्टर, म्हणजे निवडीचा हक्क असलेले बडे संस्थानिक आणि आर्चबिशप, ठरवणार, हे १३५६ च्या गोल्डन बुल नावाच्या शाही कायद्यानं पक्कं केलेलं. सम्राटाला कायमची राजधानी नाही, गावागावात अधिकारी नाहीत, दरवर्षी हक्कानं येणारा टॅक्स नाही. त्याचं कोर्ट त्याच्याबरोबर फिरणार, म्हणजे न्याय हवा असेल तर आधी सम्राट कुठे आहे ते शोधा. सम्राट फ्रेडरिक तिसरा तर १४४४ पासून २७ वर्षं आपल्या ऑस्ट्रियाच्या मुलखातच बसून राहिला, बाकी जर्मनीत फिरकलाच नाही.

मग भांडण झालं तर काय करायचं? तर फेडे. म्हणजे रीतसर वैर. सरदारानं समोरच्याला वैराचं पत्र पाठवायचं, तीन दिवस थांबायचं (ही तीन दिवसांची अटसुद्धा गोल्डन बुलमधलीच), आणि मग त्याची गावं जाळायची, गुरं हाकून न्यायची, त्याच्या शहरातले व्यापारी वाटेत अडवून खंडणी मिळेपर्यंत कोंडून ठेवायचे. आणि हे सगळं हक्क म्हणून, उजळ माथ्यानं! शत्रूच्या किल्ल्याला भिडणं अवघड आणि खर्चिक, म्हणून हात पडायचा तो त्याच्या कुळांवर. ज्याचं उभं पीक जळालं त्या शेतकऱ्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नसायचा.

१४९५ ला फ्रेडरिकचा मुलगा, साम्राज्याचा नवा राजा मॅक्सिमिलियन वर्म्सला आला तो पैसे मागायला. आदल्या वर्षी फ्रान्सचा आठवा चार्ल्स इटलीत घुसला होता, दुसरीकडून तुर्कांची धास्ती होतीच. माइन्झचा आर्चबिशप बर्टोल्ड फॉन हेनेबर्ग, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा माणूस, तो आणि बाकीचे संस्थानिक अडून बसले की पैसे देतो पण आधी कारभार सुधारा. कित्येक महिने घासाघीस चालली आणि ऑगस्टमध्ये शेवटी ठरलं की फेडे बंद, कायमचं बंद. याआधीही शांतता जाहीर व्हायची पण ती ठरावीक वर्षांपुरती, मुदत संपली की पुन्हा जाळपोळ. आता तो हक्कच काढून घेतला. भांडण असेल तर कोर्टात या, हत्यार उचललं तर कायद्याचं संरक्षण गेलं.

आणि त्यासाठी कोर्ट काढलं, राईशकामरगेरिश्ट, ३१ ऑक्टोबरला फ्रँकफर्टमध्ये सुरू झालं. मुख्य न्यायाधीश सम्राटानं नेमायचा, पण त्याच्याबरोबर बसणारे १६ जण निवडण्यात संस्थानिकांचा हात, त्यातले निम्मे कायदा शिकलेले, निम्मे सरदार घराण्यातले. कोर्ट राजाच्या दरबारातून बाहेर काढून एका जागी बसवलं, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट आहे!

आता फसलं ते काय तेही सांगते. या सगळ्याचा खर्च भागवायला ‘गेमायने फेनिश’ नावाचा टॅक्स लावला. १५ वर्षांवरच्या प्रत्येकानं भरायचा, १००० गुल्डनची (हे तेव्हाचं सोन्याचं नाणं) मालमत्ता असेल तर एक गुल्डन, ५०० ला अर्धा, आणि गरीब असतील तर २४ जणांत मिळून एक गुल्डन. गोळा कुणी करायचा? साम्राज्याची माणसंच नव्हती, म्हणून गावोगावच्या चर्चच्या पाद्र्यांवर काम टाकलं. काही ठिकाणी जमा झाला, बऱ्याच ठिकाणी नाहीच. स्विस लोकांनी कोर्टही मानलं नाही आणि टॅक्सही, १४९९ ला त्यावरून युद्ध झालं आणि ते जवळपास वेगळेच झाले. १५०० साली न्यूरेंबर्गला राईशरेगिमेंट नावाचं सरकारी मंडळ बसवलं तेही १५०२ ला गुंडाळलं. बर्टोल्ड १५०४ ला गेला.

म्हणजे संस्थानिकांना कोर्ट हवं होतं, पण आपल्या मुलखात बाहेरच्या कुणी येऊन टॅक्स वसूल करायला नको होता. पैसे नाहीत तर न्यायाधीशांना पगार कुठून द्यायचा? सुरुवातीच्या वर्षांत कोर्ट बंद पडलं, पुन्हा उघडलं, या गावातून त्या गावात हललं, १५२७ ला श्पायरला जरा स्थिरावलं. दोष कोर्टाचा नव्हता, ज्यांनी ते मागितलं आणि मग खिशात हात घालायची वेळ आली तेव्हा तोंड फिरवलं त्यांचा होता, हे मी ठामपणे म्हणेन.

लोक हमखास म्हणतात की खटले दहा दहा, वीस वीस वर्षं रेंगाळायचे. हो, रेंगाळायचे, पिढ्या गेल्या काही खटल्यांत. पण रेंगाळलेला खटला आणि जळालेलं गाव यात मी काय निवडेन हे सांगायला नको. शिवाय अंतिम निकालाआधीच कोर्ट आदेश काढू शकायचं, आणि बऱ्याच लोकांना तेवढंच हवं असायचं. चेटकीण ठरवून तुरुंगात टाकलेल्या बायकांच्या घरच्यांनी या कोर्टाकडे धाव घेतली आणि छळ थांबवण्याचे आदेश मिळवले. १५२५ चा शेतकऱ्यांचा उठाव रक्तात बुडवला गेला, त्यानंतर कितीतरी गावं वकील लावून आपल्याच मालकावर खटले भरायला लागली, वेठबिगारीवरून, जंगलाच्या हक्कावरून. शेतकरी वादी आणि जमीनदार प्रतिवादी, सोळाव्या शतकात! सगळे जिंकले नाहीत, पण मालकाला उत्तर द्यावं लागायचं.

लगेच सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. ग्योट्झ फॉन बर्लिशिंगन, तो लोखंडी हाताचा सरदार, त्यानंतरही व्यापाऱ्यांना लुटतच होता. झिकिंगन नावाच्या दुसऱ्या सरदारानं १५२२ ला थेट ट्रिअरच्या आर्चबिशपवर चाल केली. पण आता ते कायद्यानं गुन्हेगार होते, आणि झिकिंगन तर पुढच्याच वर्षी स्वतःचा किल्ला वाचवताना जखमी होऊन मेला. १५५५ ला अंमलबजावणीचं काम साम्राज्याच्या दहा विभागांकडे, म्हणजे क्राइसांकडे दिलं आणि निकालांना थोडं बळ आलं. कोर्ट पुढे वेट्झलारला गेलं, पुढे मोठा कवी झालेला तरुण गटे १७७२ ला तिथे वकिलीची उमेदवारी करत होता, आणि १८०६ मध्ये साम्राज्य संपेपर्यंत ते चालू होतं. ३०० वर्षांहून जास्त चाललेल्या कोर्टाला फसलेला प्रयोग कसं म्हणायचं?

मॅक्सिमिलियननं या कोर्टाला शह म्हणून १४९० च्या दशकातच आपल्या दरबारात राईशहोफराट नावाची दुसरी यंत्रणा उभी केली, आणि पुढे बरेच लोक आपणहून तिकडे खटले न्यायला लागले. त्यावर वेगळी पोस्ट लिहिते, इथे घुसडलं तर हे अजून लांबेल.