असली मिलिटरीचा माल

जुने लष्करी गणवेश जमवायचं ठरवलंय ना? उत्तम. नाणी जमवायची तर फार वाचावं लागतं आणि पोस्टाच्या तिकिटांना हल्ली कुणी विचारत नाही. गणवेशाला फक्त विश्वास लागतो. तो तुमच्याकडे भरपूर असेल तर चोरबाजार तुमचाच आहे.

शुक्रवारी पहाटे जा. मटण स्ट्रीटवरची अँटिकची दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि रस्त्यावर पथाऱ्या पसरतात. दुकानदार निदान उद्या त्याच जागी सापडेल, पथारीवाल्याच्या बाबतीत ती कटकट नाही. उजाडायच्या आत पोचलात तर खाकी, हिरवा आणि मळका हे तिन्ही रंग एकच दिसतात, त्यामुळे निवडही चटकन होते. विजेरी नेऊ नका.

कोट हातात आला की कापडाकडे बघायचं नाही, विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. मुरलेले संग्राहक नवख्यांना सांगतात, वस्तू विकत घे, गोष्ट घेऊ नकोस. अरसिक माणसं! तुम्ही गोष्टच घ्या. ‘साब, कर्नलसाब का है, बर्मा में लडे थे.’ बर्मात लढलेल्या कर्नलांचे इतके कोट एकट्या भेंडीबाजारात निघतात की १९४४ साली जपानी इंफाळपर्यंत पोचलेच कसे, याचं नवल वाटतं. खलाशाचा पांढरा सदरा असेल तर तो फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या बंडातलाच. बंड न केलेल्या खलाशाचा सदरा मुंबईत अजून कुणाला मिळालेला नाही. ‘दादाजी तलवार के डेक पे खडे थे’ असं तो म्हणाला की मान डोलवा. ‘तलवार’ ही बोट नव्हतीच, कुलाब्याला जमिनीवर असलेली सिग्नल शाळा होती. पण म्हाताऱ्या माणसाला डेकवरून खाली कशाला उतरवायचं?

कोटाला भोक असेल तर ते गोळीचं. एकाच बाहीला दहाबारा असतील तर मशीनगनची. लोकर आहे, कसर लागली असेल, असल्या शंका काढू नका. कसरीने कोटाची किंमत उतरते, गोळीने चढते, आणि उद्या तुम्हालाही तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचाच आहे.

वयाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. १८५७ चा मागा, मिळेल. खाकी असेल, चार खिशांचा असेल, छातीवरून तिरका चामडी पट्टा असेल. तेव्हा कंपनीच्या बहुतेक पलटणींचा कोट लाल होता, हे विसरा. तो पट्टा ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या सॅम ब्राऊनचा डावा हात १८५८ साली लढाईत गेला, आणि एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून त्याने पुढे हा पट्टा काढला. म्हणजे तुमच्या कोटाने तो एक वर्ष आधीच लावला होता. या दूरदृष्टीचे पथारीवाला वेगळे पैसे लावेल. द्या.

बटणांकडे मात्र चुकूनही बघू नका, तिथे फार पंचाईत होते. ब्रिटिश बनावटीच्या बटणामागे फर्मिन, गॉन्ट असं कारखान्याचं नाव अनेकदा कोरलेलं असतं. पुढे मुकुट. १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी वर गोल फुगलेल्या, १९५३ नंतर राणीच्या मुकुटाच्या मधोमध दबलेल्या. आपल्या सैन्यातून २६ जानेवारी १९५० ला मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. एका बटणात कोटाचं वय कळावं, ही केवढी गैरसोय! सिंहांची बटणं लावलेला ‘वर्ल्ड वॉर’चा कोट समोर आला आणि तुम्ही भुवई उंचावलीत, तर उत्तर तयार असतं: ‘बटन बाद में बदला, साब.’ गंमत म्हणजे जुन्या कोटाला नवी बटणं लावून वापरणारेही होतेच, त्यामुळे हे उत्तर कधीमधी खरंही निघतं. सगळा धंदा या ‘कधीमधी’वर चालतो.

अस्तरावरचा शिक्काही वाचत बसू नका. बाणाची खूण म्हणजे सरकारी माल, बाणासोबत इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थानात बनलेला, शेजारी माप नि साल. नोटा तपासायची निळी बत्तीही नको. तिच्याखाली नवा धागा चमकतो आणि उगाच भांडणं होतात. जोडाला व्हेल्क्रो असेल तर सैन्य काळाच्या पुढे होतं असं म्हणा.

मुंबईच्या संग्राहकाला बाकी देशाला न मिळणारी एक चैन आहे, ती म्हणजे सिनेमा. शूटिंग संपलं, ड्रेसवाल्याकडे कपडे फाटेपर्यंत फिरले, की ते पथारीवर येतात. टेरिकॉट, सोनेरी रंग दिलेली प्लॅस्टिकची बटणं, उलट्यासुलट्या क्रमाने शिवलेल्या पदकांच्या फिती. कॉलरच्या आत मार्करने ‘ज्यु. आर्टिस्ट ४२’ लिहिलेलं सापडलं तर तो रेजिमेंटचा नंबर समजा.

पण खरा दागिना वेगळाच. लालभडक कोट, छातीवर सोनेरी गोफ, खांद्यांवर झालरी. गव्हर्नरच्या अंगरक्षकाचा आहे, असं सांगतील. खिशात हात घातलात तर तळाशी कुंकवाने लाल झालेले चार तांदूळ लागतील. त्या अक्षता आहेत असं मनात येईल. येऊ देऊ नका. ती रसद आहे.

आता घरचा खरा माल. तुमच्या जुन्या चाळीतल्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असेल. साताऱ्याकडून पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेलेले, इटलीत लढलेले आजोबा, ज्या आघाडीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तिथलेच. आत जाड लोकरीचा कोट, खांद्यावर पितळी अक्षरं, पे-बुक, एक फोटो, आणि कडेवर नाव-नंबर ठोकलेली पदकं. तुमच्या नावडत्या जाणकारांच्या मते किंमत याच एकत्र असण्याची: कोट कुणाचा, हे कागद सांगतो, आणि कागद खरा, हे पदक सांगतं. म्हणून टॉवरमध्ये राहायला जाण्याआधी त्यांची फाटाफूट करा. पे-बुक रद्दीत. पदकं पितळेच्या भावाने मोडीत. कोट बोहारणीला. ‘वहिनी, यावर झाकणाचा डबा नाही यायचा, वाटी देते,’ असं ती म्हणेल. एका जुन्या साडीची भर घाला, डबा सुटेल.

तो कोट मग पथारीवर येतो आणि तिथे त्याला बढती मिळते. हयातभर हवालदारकीवर समाधान मानलेला माणूस मेल्यावर एका शुक्रवारात कर्नल होतो. इटलीच्या थंडीसाठी शिवलेली लोकर बर्माच्या जंगलात घामाघूम होऊन लढते, जिथे तेव्हा हिरवं सुती कापड वापरत. आणि हे सगळं ऐकून पाकीट काढणारे तुम्हीच असता. घासाघीस करू नका, घरचाच माल आहे.

आणल्यावर धुण्याच्या पावडरीत रात्रभर भिजवा, नक्षी सपाट होईस्तोवर बटणं ब्रासोने घासा, आणि जुलैच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. बुरशी आपोआप येते.

कायद्याचंही थोडं. पहिल्या महायुद्धातला अस्सल कोट शंभरी ओलांडलेला, त्यामुळे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो, मग परदेशी विकायची पंचाईत. नकली कोटाला हा त्रास नाही. दुसरं, सैनिक नसताना लोकांना सैनिक वाटावं म्हणून तसा पोशाख करणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे पंधरा ऑगस्टला सोसायटीच्या झेंडावंदनाला मिरवायचंच असेल तर लाल झालरीचा कोट घाला आणि निर्धास्त उतरा. पोलिसांचा प्रश्नच येत नाही. फार तर सेक्रेटरी बाजूला घेऊन हळूच विचारतील, ‘डिसेंबरात मुलीचं लग्न आहे हो, घोड्यासकट किती घेता?’