काळं नाणं ‘चकाचक’ करण्याआधी

सध्या एक व्हिडिओ फिरतोय. काळवंडलेलं चांदीचं जुनं नाणं ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवायचं, वर खाण्याचा सोडा टाकायचा, उकळतं पाणी ओतायचं, की दोन मिनिटांत नाणं पांढरंशुभ्र. तांब्याला लिंबू-मीठ चोळा, राहिलेल्या डागांवर टूथपेस्ट. वर सल्ला असा की काळा थर म्हणजे घाण, ती काढली की नाण्याला जास्त भाव येतो. भांड्यांबद्दल बोलणं चाललं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण संग्रहातल्या नाण्याचं यातून वाटोळं होतं.

आधी ‘घाण’ हा शब्दच तपासू. घाण बाहेरून येऊन बसते. चांदीवरचा काळा थर मात्र चांदीतूनच तयार झालेला असतो. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी पृष्ठभागावरच्या चांदीची प्रक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइड बनतं. थर अगदी पातळ असतो तेव्हा सोनेरी दिसतो, मग जांभळट, निळसर आणि जाड झाला की काळा. कडेपासून आतपर्यंत अशा छटा नैसर्गिकपणे उतरलेल्या नाण्यासाठी संग्राहक उलट जास्त पैसे मोजतात. तांब्याचा तपकिरी थरही तसाच, तांब्याचंच ऑक्साइड. लिंबाच्या आम्लाने तो विरघळला की खालून गुलाबी-नारिंगी धातू उघडा पडतो. हा रंग टांकसाळीतून आलेल्या ताज्या नाण्याचा नसतोच. जाणकाराला तो हातभर अंतरावरून कळतो.

‘फॉइलच्या पद्धतीत धातू जात नाही,’ असंही सांगितलं जातं. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा दावा खपतो. गंधक चांदीला सोडतं आणि सल्फाइडची पुन्हा चांदी होते, हे खरं. पण परत आलेली चांदी पहिल्यासारखी घट्ट बसत नाही. ती सच्छिद्र आणि निस्तेज असते. नाणं पाडताना ठशांच्या दाबाखाली धातू कडेच्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेलं चांदीचं नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवून बघा. उजेडाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा नाण्यावरून फिरतो. मूळ झळाळी म्हणतात ती ही. सल्फाइड होताना या रेषांचा धातू खर्ची पडलेला असतो आणि थर काढून रेषा परत येत नाहीत. चांदी उजळण्याचे आम्लयुक्त द्रव तर दरवेळी थोडा धातू घेऊनच जातात. असं वारंवार बुडवलेलं नाणं पांढरं दिसतं खरं, पण त्यावर पट्टा फिरत नाही.

टूथपेस्टबद्दल फार लिहायची गरज नाही. तिच्यात घासण्यासाठीच बारीक कण घातलेले असतात, आणि सोनं-चांदी दोन्ही मऊ धातू. दहापट भिंगाखाली एकाच दिशेचे केसासारखे ओरखडे दिसले की नाणं घासलेलं आहे हे सांगायला कोणी लागत नाही. प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं आरशासारखं नाणं, खराब करायला तर मऊ कापडाचा एक हातही पुरतो.

‘किंमत वाढते’ हा दावा सरळ उलटा आहे. पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या संस्था नाण्याला १ ते ७० या मोजपट्टीवर दर्जा देतात. चुकीच्या पद्धतीने साफ केलेलं नाणं त्यांच्याकडे गेलं, तर सहसा आकडा मिळत नाही. ‘क्लीन्ड’ असा शेरा मिळतो आणि भाव पडतो. काही नाण्यांत तर नुकसान पैशांपुरतंही राहत नाही. तिसऱ्या शतकातल्या अनेक रोमन नाण्यांवर चांदीचा नुसता पातळ मुलामा आहे. जोरात साफ केलं की खाली तांबूस गोळा उरतो. अमेरिकेचा १९४३ चा सेंट पोलादाचा, वर जस्ताचा लेप. आम्ल तो लेप खातं आणि पुढचं काम गंज करतो.

याचा अर्थ ‘नाण्याला कधीच हात लावू नका’ असाही नाही. तो सल्लाही तितकाच आंधळा आहे. बाहेरून येऊन बसलेलं जरूर काढावं. सैल माती असेल तर नाणं डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, मग न चोळता मऊ कापडावर टिपा. चिकटपट्टीचा गोंद, तेल किंवा पीव्हीसीच्या पाकिटामुळे आलेला हिरवा चिकट लेप शुद्ध ॲसिटोनने जातो. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. भांडं काचेचं हवं, खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको, कारण ॲसिटोन पटकन पेट घेतं. रंगवलेल्या किंवा लॅकर दिलेल्या नाण्यांना मात्र ते लावू नका. साफ झाल्यावर पुन्हा पीव्हीसीच्या पाकिटात घातलं तर सगळी मेहनत वाया. पॉलिएस्टरचं पाकीट घ्या.

एका बाबतीत थांबून चालत नाही. कांस्य किंवा तांब्याच्या प्राचीन नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, टोकरल्यावर गळाली आणि काही दिवसांनी पुन्हा आली, तर तो ‘ब्राँझ डिसीज’ समजा. आत अडकलेली क्लोराइडं ओलाव्यासोबत धातू पोखरत असतात. लिंबू-मिठाने तर आणखी क्लोराइड आत जातं. असं नाणं लगेच वेगळं करून सिलिका जेलसोबत बंद डबीत कोरडं ठेवा आणि धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.