घनता सारखी, पण ताकद सारखी नाही

'घनता कळली की वाळूची ताकद कळली' हे वाळूच्या ताकदीवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. वरून ओतलेल्या वाळूचे लांबट कण बहुतेक आडवेच पडतात. मग उभा दाब ती चांगला पेलते, पण ज्या प्रतलावरून वाळू घसरते ते त्या आडव्या कणांच्या थरांच्या दिशेने आलं की तीच वाळू लवकर हार मानते. जपानी संशोधक ओडा यांनी १९७२ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं होतं.

प्रयोगशाळेत मीही साचा तिरका ठेवून वाळू भरली होती, म्हणजे साचा सरळ केल्यावर कणांचे थर तिरके राहतात. वाळू तीच, घनता तीच, तरी घर्षणकोन (वाळू घसरणीला किती विरोध करते, त्याचं माप) काही अंशांनी उतरला. आधी वाटलं, वजनातच चूक झाली! सैल, पाण्याने भरलेल्या वाळूत तर कणांच्या या दिशेवर द्रवीकरणही (हादऱ्यांनी वाळू ताकद गमावून द्रवासारखी होणं) अवलंबून असतं. लेखात त्याचा उल्लेखही नाही.