गिरणा आणि आमचा मोडलेला खानदेश जिल्हा

चाळीसगावकडच्या जुन्या खरेदीखतांवर आजही 'जिल्हा पूर्व खानदेश' असं वाचायला मिळतं. नव्या पिढीतल्या कितीतरी जणांना हा जिल्हा होता हेच माहीत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आमच्याकडची पाण्याची भांडणं समजून घ्यायची असतील, तर आधी हा जिल्हा कसा मोडत गेला ते पाहायला हवं.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी धुळ्याला ठाणं केलं आणि कॅप्टन ब्रिग्जच्या हाती खानदेशचा कारभार दिला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्री आणि मधून वाहणारी तापी. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा येऊन तिला मिळतात, सातपुड्यातून अनेर उतरते. मालेगाव, बागलाण, नांदगाव तेव्हा खानदेशातच होते.

1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला आणि हे तीन तालुके तिकडे गेले. 1906 मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. महाराष्ट्र झाल्यावर नावातला खानदेशही गेला. 1962 ला लोकल बोर्डांच्या जागी जिल्हा परिषदा आल्या, 1998 ला नंदुरबार वेगळा झाला.

1906 ची वाटणी मला पटते. रावेरपासून अक्कलकुव्यापर्यंतचा मुलूख धुळ्यात बसून सांभाळणं अवघडच होतं. 1869 ची मात्र आजही पटत नाही, कारण तिने गिरणेचं खोरं मधोमध कापलं, वरचा भाग नाशिककडे गेला आणि खालचा खानदेशात राहिला.

हा मुलूख आतून किती एक होता ते पाणी वाटून घ्यायच्या फड पद्धतीत दिसतं. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा सहसा प्रत्येक फडात असायचा, त्यामुळे एका फडाला पाणी कमी पडलं तरी कोणी एकटा बुडत नसे. पाणी द्यायला पाटकरी, आणि त्याची मजुरी गावाने धान्यात द्यायची. हीच पद्धत धुळ्याकडे पांझरेवर आणि नाशिक जिल्ह्यात गेलेल्या बागलाणात मोसम-आरम या गिरणेच्या उपनद्यांवर. अहिराणी दोन्हीकडे, श्रावणातले कानबाई देवीचे रोट दोन्हीकडे. हद्द तेवढी वेगळी.

आता गिरणा धरण बघा. भिंत नांदगाव तालुक्यात, जिल्हा नाशिक. कालव्याचं पाणी जामदा बंधाऱ्यावरून चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोलकडे, जिल्हा जळगाव. पाऊस ओढ देतो त्या वर्षी वरचे म्हणतात आमचं प्यायचं पाणी आधी, खालचे आवर्तनासाठी, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी सोडावं म्हणून, निवेदनं देतात, आणि दोन जिल्ह्यांचे पुढारी आपापल्या हद्दीपुरतं बोलतात. मला दोन्ही बाजूंचं दुःख खरं वाटतं. मालेगावचा नळ आणि भडगावची केळी एकाच नदीवर आहेत. म्हणून आवर्तनाचा निर्णय पूर्ण खोऱ्याच्या एकाच बैठकीत व्हावा, आणि त्यात वरच्या-खालच्या दोन्हीकडचे शेतकरी बसावेत. शाळेत जिल्ह्याचा भूगोल शिकवतानाही गिरणा उगमापासून तापीपर्यंत सलग दाखवावी.

बागलाण-साक्रीकडच्या मित्रांनो, तुमच्या गावात फड अजून चालू असेल तर बंधाऱ्याचं नाव आणि सध्या कुठली पिकं घेता ते कमेंटमध्ये जरूर लिहा.